शांतवनकाकांच्या तारा

पौष सरत आला, की आमच्या शिरूरच्या दुकानात जळक्या मोटारी यायला लागतात. गव्हाला पाणी, कांद्याला पाणी, उसाला पाणी, सगळ्यांना एकाच आठवड्यात पाणी हवं असतं आणि वीज मात्र आपल्या मर्जीने येते. दाब कमी झाला की विहिरीवरची मोटार नुसतीच घुमते, तापते आणि शेवटी जळते. मग ती टेम्पोतून, ट्रॅक्टरवरून, कधी मोटारसायकलवर पोत्यात गुंडाळून अब्बांच्या दारात येते. लोक आंब्याच्या मोहोरावरून ऋतू ओळखतात. आमच्या घरात तो जळलेल्या वार्निशच्या वासावरून ओळखतात.

यंदाही तो वास आला. काल शाळेतून परत आले, तर दुकानापुढे मोटारी ओळीने बसलेल्या आणि अब्बा चष्मा कपाळावर चढवून त्यातल्या एकीच्या पोटात बघत होते. मला एकदम दोन वर्षांपूर्वीचा हंगाम आठवला. तेव्हा याच ओळीत, निमोण्याच्या एका मोटारीशेजारी, एक गिटार आडवी ठेवलेली होती.

अब्बांचा धंदा रिवाइंडिंगचा. मोटार जळते म्हणजे तिच्यातली तांब्याची तार जळते. ती काढायची, तेवढीच नवी तार तितक्याच वेढ्यांची भरायची, वार्निश पाजायचं, उन्हात सुकवायचं. तारेची वेटोळी आम्ही घरातच गुंडाळायचो. मी सहावीत असताना गणिताचे पाढे म्हणत वेढे मोजायची. आता मी त्याच गावात मराठी शिकवते, पण बोटांची टोकं अजून कडक आहेत. आमच्या घरात दखनी आणि मराठी एका ताटात जेवतात, आणि दुकानाची भाषा मात्र सगळी शेतकऱ्यांची.

ही कडक बोटं घेऊन मी शिक्षिकेचा कोर्स करायला दोन वर्षं दौंडला राहिले होते. खोली मिळाली ती शांतवनकाकांच्या घरात. काका रेल्वेत गार्ड होते, निवृत्तीला आलेले. सुलोचनाकाकू बोलक्या, काका अबोल. इतके अबोल, की पहिला महिनाभर मला वाटत होतं त्यांना माझं राहणं पसंत नाही.

एका दुपारी भिंतीला पाठ टेकून अभ्यास करत होते. अचानक पाठीत काहीतरी घुमलं. कानाला ऐकू आलं ते नंतर, आधी पाठीला कळलं. वर्गातली कविता पाठ करताना माझ्या अंगावर कधी काटा आला नव्हता, तो त्या दिवशी आला. उठून बघितलं तर पलीकडच्या खोलीत काका एक भलीमोठी गिटार छातीशी धरून बसलेले. नेहमीच्या गिटारपेक्षा तिचं पोट मोठं, मान लांब, आणि तारा चारच, त्याही चांगल्या जाडजूड. बास गिटार, पण विजेवर न चालणारी. चर्चमध्ये उपासनेच्या वेळी हटकून वीज जायची, म्हणून काकांनी रेल्वे कॉलनी सोडून चाललेल्या कुणाकडून तरी ही घेतली होती. लाकडाच्या एका पोकळ पेटीतून आणि चार तारांतून भिंत हलवणारा आवाज निघतो, याचं मला आजही नवल वाटतं. मोटार सुरू झाल्यावर ती घुमते ते समजण्यासारखं आहे, तिला वीज लागते. इथे नुसतं एका माणसाचं बोट होतं.

"बोटं दाखव," काका म्हणाले. मी दाखवली. त्यांनी टोकं दाबून पाहिली. "शिकणारी पोरं पहिल्या महिन्यात बोटं सोलून घेतात. तुझी तयार आहेत. बस."

एवढ्याच बोलण्यावर मी शिकायला लागले. दोन वर्षांत काकांनी मला उद्देशून शंभर वाक्यं तरी उच्चारली असतील की नाही, शंका आहे. चूक झाली की ते माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत, खिडकीबाहेर बघायचे. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं की मी पुन्हा सुरुवात करायची.

काका गेले त्याला वर्ष होत आलं असताना काकूंचा फोन आला. पौषच चालू होता. दुकानात मोटारींची रीघ, मी फोन घेऊन मागच्या दारी गेले.

"पुढच्या रविवारच्या पुढच्या रविवारी त्यांची स्मरणाची उपासना ठेवली आहे," काकू म्हणाल्या. "त्यांची गिटार तू वाजवशील?"

मी लगेच हो म्हटलं. काकूंनी फोन ठेवला नाही.

"नसीम, एक सांगू? मला त्यांचा आवाज आठवेनासा झालाय गं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"चेहरा आठवतो. चालणं आठवतं. जेवताना भाकरी कशी मोडायचे तेही आठवतं. आवाज आठवायला गेलं की काहीच येत नाही. फोन समोर धरला की उठून जायचे, कुठे भरून ठेवलेला पण नाही. बोलायचे तरी कुठे फारसे? ती गिटार म्हणजेच त्यांचं बोलणं. ती ऐकली तर सापडेल, असं वाटतं."

चाळीस वर्षं ज्याच्याबरोबर काढली त्या माणसाचा आवाज असा पुसला जातो, हे मला माहीत नव्हतं. मी त्या रात्री अब्बांचं घोरणंसुद्धा लक्ष देऊन ऐकलं.

दुसऱ्याच दिवशी न्हावरा, चौफुला, पाटस करत दौंड गाठलं आणि गिटार घेऊन आले. कपाटामागे होती. तिसरी तार तुटलेली, बाकीच्या तीन गंजून काळपट पडलेल्या. आता एवढ्या महत्त्वाच्या दिवशी गंजक्या तारांवर कशाला वाजवायचं? मी खुंट्या सैल करून चारही तारा काढल्या, गुंडाळल्या आणि दुकानातल्या भंगाराच्या डब्यात टाकून दिल्या.

नव्या तारांसाठी पुण्याला गेले. गिटारच्या दुकानात भिंतभर पाकिटं. सूर चारच, पण त्यांच्यासाठी माणसाने किती तऱ्हेच्या तारा केल्यात! आत पोलादाची तार आणि तिच्यावर दुसऱ्या तारेचा वेढा, रचना सगळ्यांची हीच. पण वेढा कुठे कांस्याचा, कुठे निकेलचा, कुठे वरून काळं नायलॉन चढवलेलं. मी वेढ्यांच्या घरातली मुलगी. मला वाटलं, हे तर आमचंच काम आहे, आणि मी कितीतरी वेळ एकेक पाकीट उलटसुलट बघत उभी राहिले.

"ब्राइट साउंड पाहिजे की वॉर्म? म्हणजे खणखणीत की मऊ?" दुकानदाराने विचारलं.

हा प्रश्न मी काकूंना फोन करून विचारायला हवा होता. मी विचारला नाही. सगळ्यात चकचकीत, सोनेरी कांस्याच्या तारा घेतल्या. स्मरणाचा दिवस, तारा कशा उठून दिसायला हव्यात, असलं काहीतरी डोक्यात होतं. पाकिटातल्या कागदावर सांगितलं होतं त्याप्रमाणे त्या बसवल्या आणि गिटार असली खणखणीत बोलू लागली, की समोरचा चहावाला हातात गाळणी घेऊन बघायला आला. मी जाम खूश.

तशीच दौंडला गेले. काकू खुर्चीत डोळे मिटून बसल्या. मी वाजवलं. दुसऱ्या ओळीवरच त्यांनी डोळे उघडले.

"छान वाजतीय," त्या म्हणाल्या. "पण हे दुसरंच कुणीतरी बोलतंय."

माझा स्वभाव जरा तिखट आहे. तोंडाने मी काही बोलले नाही, पण परतीच्या एसटीत मनातल्या मनात बरंच बोलले. सूर तेच, गिटार तीच, काकांनीच शिकवलेली बोटं. काकूंना ऐकायचंच नसेल तर माझा काय इलाज? चौफुल्याला गाडी थांबेपर्यंत राग टिकला. मग आठवलं की डोळे उघडल्यावर काकूंनी आधी खोलीच्या दाराकडे बघितलं होतं. पुढचा सगळा रस्ता वाईट वाटत राहिलं.

दुकानात आले तेव्हा निमोण्याचे आप्पा मोटार टाकायला आलेले. अब्बांचं जुनं गिऱ्हाईक, तोंडाने फाटके. माझ्या पाठीवरची गिटार बघून म्हणाले, "मास्तरीणबाई, ह्यो कंचा पंप म्हनायचा? किती पाणी फेकतो?"

"तुमच्यापेक्षा जास्त," मी म्हटलं. आप्पा खो खो हसले. अब्बा हसले नाहीत. माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी पान्हा खाली ठेवला.

मी झालं ते सगळं सांगितलं. ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"जुन्या तारा कुठं हायत?"

"टाकल्या."

"मोजल्या का?"

मी भंगाराच्या डब्याकडे बघितलं. आमच्या दुकानात हा एकच कायदा आहे आणि तो मला पाळण्यापासून ठाऊक आहे. मोटार कितीही जळलेली असो, जुनं वाइंडिंग मोजल्याशिवाय फेकायचं नाही. वेढे किती, तार किती जाडीची, कशी भरली होती, सगळं वहीत उतरवायचं आणि मगच नव्याला हात लावायचा. जळलेली तारच सांगते की नवी कशी हवी. कारखान्यात मोटार शिकून आलेली पोरं अंदाजाने भरतात आणि त्या मोटारी महिन्यात परत येतात, असं अब्बा मोठ्या चवीने सांगायचे. आणि त्यांच्या स्वतःच्या लेकीने न मोजता फेकल्या होत्या.

"मराठी शिकवतीस आन् दुकान इसरतीस व्हय?" ते एवढंच म्हणाले आणि भंगाराचा डबा जमिनीवर पालथा केला. नशिबाने भंगारवाला त्या आठवड्यात आला नव्हता. तांब्याच्या जळक्या गुंत्यातून अब्बांनी चारही तारा हुडकून काढल्या. तुटकी तार नमुन्याला घेतली. आप्पाही मोटार विसरून स्टूल ओढून बसले. अब्बांनी तारेचं टोक पक्कडीत धरून वेढा हळूहळू उलगडला, मायक्रोमीटर लावला, मग चष्मा खाली ओढून वेढा उजेडाला धरला.

"हिकडं ये. हात लाव."

मी उलगडलेल्या वेढ्यावरून बोट फिरवलं.

"गोल हाय का?"

गोल नव्हता. चपटा होता. तारेवर तार गुंडाळलेली नव्हती, पोलादाची अगदी बारीक पट्टी गुंडाळली होती, कडेला कड लावून, वरून हात फिरवला तर एकही कंगोरा लागू नये अशी. म्हणूनच काकांची गिटार खणखणायची नाही, घुमायची. मी दोन वर्षं त्या तारांवर बोटं ठेवली होती आणि मला ते कळलं नव्हतं. अब्बांना संगीतातलं ओ की ठो कळत नाही. काकांच्या हातची गिटार त्यांनी कधी ऐकलीसुद्धा नव्हती. पण एका गंजक्या तुकड्यावरून ते काकांच्या आवाजापर्यंत पोचले होते. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. सत्तरीतला माणूस, बोटांना वार्निशचे डाग, आणि त्या बोटांत किती काय साठलेलं.

मग त्यांनी मोटारींच्या वहीत नीट नोंद केली: गिटार, दौंड, तारा चार, पट्टी, पोलाद. जाडीच्या चार ओळी. हॉर्सपॉवरच्या रकान्यात एक रेघ मारली.

पुण्याच्या दुकानदाराने फोनवर सांगितलं, अशा सपाट तारा या गिटारला हल्ली कुणी फारसं लावत नाही, मागवाव्या लागतील. मी मागवल्या. रविवारच्या उपासनेसाठी त्या शुक्रवारी सकाळी आल्या, मी शाळेत असताना.

दुपारी घरी आले तर अब्बा दुकानाच्या पायरीवर माझी वाट बघत होते, नव्या नवरदेवाच्या बापासारखे. टेबलावर स्वच्छ फडकं अंथरलेलं आणि त्यावर चार तारा ओळीने मांडलेल्या. "तुझं काम हलकं करून ठेवलंय," ते म्हणाले. "जाड तार खालच्या घोडीपासून वरच्या खुंटीपर्यंत मोजून कापली. वर चार बोटं जास्त ठिवली. बाकीच्या कापायच्या ऱ्हायल्यात, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं."

मी पाकीट उचललं. पाकिटात इंग्रजी कागद होता, घडी न मोडलेला. तार आधी बसवायची, खुंटीपाशी वाकवायची आणि सगळ्यात शेवटी कापायची. सरळ तार कापली की वरचा वेढा आतल्या तारेवरून सुटतो. अब्बांनी आयुष्यभर आधी मोजलं, मग कापलं, मग भरलं. तांब्याची तार कापून कधी मेली नव्हती. कापलेल्या टोकाला पट्टी सैल होऊन बोटभर उलगडली होती. तरी मी ती बसवली, ताणली, छेडली. ठप्प. उशी आपटल्यासारखा आवाज.

मी काही सांगायच्या आधीच त्यांना कळलं. तारांचं त्यांना सांगावं लागत नाही.

"म्या मारली," अब्बा म्हणाले.

"असू द्या अब्बा, तुम्हाला काय माहीत."

"कागद होता ना त्यात. वाचून घ्यायला पायजे होता कुनाकडून तरी." आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. गिऱ्हाइकाच्या मोटारीचा एक वेढासुद्धा कधी वाया न घालवलेला माणूस. मला त्यांच्यावर चिडताही येईना आणि त्यांच्याकडे बघवेना. दुसऱ्या तारा यायला पाच दिवस लागणार होते.

 मग अब्बा उठले आणि त्यांनी जुनी जाड तार घेतली, गंजकी, पण अखंड. फडकं रॉकेलमध्ये बुडवून ते पायरीवर उन्हात बसले आणि तार पुसू लागले. मी घासायचा ब्रश पुढे केला तर हात झटकून म्हणाले, "घासायची न्हाई. घाम पुसतो तशी पुसायची." ती दुपार मला लख्ख आठवते. माघाचं मऊ ऊन, रस्त्यावरून जाणाऱ्या उसाच्या गाड्या, त्यांच्यावर लावलेली ढॅणढॅण गाणी, आणि या सगळ्या गदारोळात एक म्हातारा एका तारेवरून टोकापासून टोकापर्यंत फडकं फिरवतोय. चहा आला तो तसाच गार झाला. एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, त्याला त्यांनी मानेनेच बसायला सांगितलं.

तीन नव्या सपाट तारा आणि एक जुनी. नव्या तारा या वेळी मी कागद समोर ठेवून बसवल्या. जुनीला तिची वळणं आठवत होती, ती खुंटीवर आपल्या आपण बसली. गिटार छातीशी धरली आणि जाड तार हलकेच छेडली. आवाज मोठा नव्हता. चमक तर मुळीच नव्हती. पण तो छातीच्या हाडातून आत गेला आणि त्याने मला दौंडच्या त्या भिंतीशी नेऊन बसवलं. एका तारेत माणसाच्या बोटांची इतकी वर्षं कशी मावतात, मला खरोखर कळत नाही. कधी कळेल असंही वाटत नाही.

रविवारी अब्बा बरोबर आले. "मोटार बशिवल्यावर चालू करून बघितल्याबिगर म्या येतो का माघारी?" असं म्हणत त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. लोक यायच्या बरंच आधी आम्ही चर्चमध्ये पोचलो. काकू पहिल्या बाकावर होत्या, पर्स शेजारी ठेवून. अब्बा मागे दाराजवळ बसले. काकूंना मी तारांचं काहीही सांगितलं नाही. पुन्हा "छान वाजतीय" ऐकायची माझी तयारी नव्हती.

काकांचं नेहमीचं भजन काकूंनी उचललं आणि त्यांच्या पहिल्या शब्दाबरोबर मी वाजवायला लागले. या वेळी डोळे मिटलेले राहिले. पहिलं कडवं संपलं. काकू थांबल्या.

"आवाज तोच आहे," त्या म्हणाल्या. मागे अब्बांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. पण काकूंच्या कपाळावरची आठी गेली नव्हती.

"मग काय राहिलं, काकू?"

"तू माझ्याबरोबर सुरू करतेस." त्या आठवत आठवत बोलत होत्या. "ते थांबायचे. सगळे निघाले की नाही बघायचे आणि मग यायचे. मी दरवेळी चिडायचे, अहो, उशीर करता तुम्ही. आज आवाज सापडला, म्हणून तर तो उशीर आठवला."

दोन वर्षं मी त्यांच्यासमोर बसून शिकले आणि हे मला कधी ऐकूच आलं नव्हतं. गार्डचा डबा सगळ्यांच्या शेवटी असतो. ते गाण्यातही तिथेच बसायचे, आणि ते अंतर काकूंनी चाळीस वर्षं कानात जपलं होतं, चिडून का होईना. मी गिटार पुन्हा छातीशी घेतली. 

काकूंनी पुन्हा सुरुवात केली. मी थांबले. पहिला शब्द गेला. दुसरा गेला. माझ्यातली मास्तरीण आतून ओरडत होती, चुकतंय, चुकतंय. तिसरा शब्द सरता सरता, आता फारच झालं असं वाटलं तेव्हा, मी जाड तार सोडली.

काकूंचं गाणं थांबलं. डोळे मिटलेलेच होते. त्यांनी शेजारची पर्स उचलून मांडीवर घेतली आणि बाकावर थोडं सरकून बसल्या.

"आले," त्या म्हणाल्या.